हृदयाचे ठोके अनियमित असतील तर घरी कोणतं यंत्र ठेवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. माझ्या आईला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचा ताल बिघडण्याचा आजार) आहे आणि नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या घरात तिच्या ठोक्यांची वही गेली काही वर्षं मी सांभाळतो. सोसायटीतले शेजारी, निफाडकडचे नातेवाईक, गोल्फ क्लबवर फिरायला येणारी मंडळी मला जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. निदान आणि औषध तुमच्या डॉक्टरांचं. यंत्र निवडताना आम्ही जिथे फसलो तिथे तुम्ही फसू नये, यासाठी हे लिहिलं.

ठोके अनियमित असणं म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटा गाठीसारखा भाग असतो. तिथून विजेचा बारीक संदेश निघतो आणि सगळं हृदय त्या तालावर चालतं. अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. ‘ठोका चुकला’ असं आपण म्हणतो ते बहुधा हेच. हृदय एरवी निरोगी असेल तर ते अनेकदा निरुपद्रवी असतं.

एट्रियल फिब्रिलेशनचं (पुढे एएफ म्हणतो) तसं नाही. त्यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आणि खालच्या कप्प्यांना संदेश वाटेल तसा मिळतो. नाडी धरली तर कुठलाच ताल सापडत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. एएफमध्ये पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. एएफ असलेल्या अनेकांना काहीच जाणवत नाही, हे त्याहून वाईट. घरच्या यंत्राचा विचार करायचा तो या एका कारणासाठी.

माझ्या घड्याळात ठोके दिसतातच की. मग वेगळं यंत्र कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

ठोके मोजणारं यंत्र वेगळं आणि ठोक्यांची पट्टी काढणारं यंत्र वेगळं. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा मनगटातल्या रक्ताची भरती-ओहोटी पाहतो आणि मिनिटाला ७२ किंवा ११० असा आकडा देतो. आकड्यावरून ताल कळत नाही. एएफ असूनही मिनिटाला ७८ ठोके असू शकतात, आणि जिना चढून आल्यावर अगदी नियमित १२० असू शकतात. ईसीजीची पट्टी हृदयातल्या विजेचा आलेख असते. ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का, वरच्या कप्प्याची छोटी लाट दिसते की नाही, हे डॉक्टर त्या आलेखावरूनच वाचतात.

काही घड्याळं हिरव्या दिव्यावरूनही ‘ताल अनियमित वाटतो’ अशी सूचना देतात आणि ती टाकाऊ नसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपलच्या मोठ्या अभ्यासात ४ लाख १९ हजार लोक होते. त्यांतल्या साधारण अर्ध्या टक्क्याला अशी सूचना गेली. त्यानंतर ज्या ४५० जणांनी छातीवर ईसीजीचा पॅच लावून तो तपासणीला परत पाठवला, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांच्या नोंदीत एएफ सापडलं. बाकीच्यांना ते नव्हतंच असं म्हणता येत नाही, कारण एएफ येतं-जातं आणि पॅच काही दिवसांनी लावलेला होता. अशी सूचना आली तर घाबरू नका, पण ती पुसूनही टाकू नका. पट्टी काढून घ्या.

घड्याळाच्या खोक्यावर ‘ईसीजी’ लिहिलंय. खरं कसं ओळखायचं?

आमची पहिली खरेदी इथेच चुकली. आईला पहाटे धडधड व्हायची. रिक्षा करून दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थांबलेली असायची आणि तिथला ईसीजी नॉर्मल यायचा. असं चार वेळा झालं. मी ऑनलाइन एक स्वस्त घड्याळ मागवलं. पडद्यावर सुंदर हिरवी लाट सरकायची, आणि आम्ही तीन महिने त्या लाटेवर विश्वास ठेवून बसलो. शेवटी डॉक्टरांनी घड्याळ हातात घेऊन पाहिलं आणि सांगितलं की ही लाट ईसीजीची नाही, नाडीवरून काढलेलं चित्र आहे. ते तीन महिने आई औषधाविना राहिली, याची टोचणी मला अजून आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. हृदयाची वीज टिपायला शरीराच्या दोन वेगवेगळ्या जागी धातूचा स्पर्श लागतो. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर उजव्या हाताचं बोट त्याच्या कडेला किंवा बटणावर टेकवून अर्धा मिनिट थांबावं लागतं. दुसऱ्या हाताचा स्पर्श न मागता घड्याळ ‘ईसीजी’ दाखवत असेल, तर ती पट्टी नाही. दुकानातच लावून बघा.

खरा ईसीजी देणारं घड्याळ घेतलं तर पुरेल का?

पुरू शकतं. पण फोन कोणता आहे ते आधी बघा. अ‍ॅपलचं घड्याळ आयफोनशिवाय उपयोगाचं नाही, आणि इतर काही कंपन्यांच्या घड्याळांतला ईसीजी त्याच कंपनीच्या फोनसोबत चालतो. अ‍ॅपलची अनियमित तालाची आपोआप येणारी सूचना ही ज्यांना एएफचं निदान आधी झालेलं नाही त्यांच्यासाठी आहे, आणि ईसीजीची सोय २२ वर्षांखालच्यांसाठी नाही. हे कंपनीनेच सांगितलेलं असतं, पण घाईत कोणी वाचत नाही.

घड्याळ वरचेवर चार्ज करावं लागतं. सत्तरीपुढच्या माणसाला ते जमेल का, पडद्यावरची बारीक बटणं दाबता येतील का, हा विचार किमतीच्या आधी करा. माझ्या आईला ते जमलं नाही.

मग खिशात मावणारं छोटं यंत्र?

आम्ही अखेर तिथेच थांबलो. दोन्ही हातांची बोटं यंत्रावर ठेवायची, ३० सेकंद स्वस्थ बसायचं, फोनवर आलेख येतो आणि पीडीएफ तयार होते. या प्रकारात अलाइव्हकोरचं कार्डिया जगभर वापरलं जातं. आपल्याकडे तयार होणाऱ्यांत नोएडाच्या अगात्सा कंपनीचं ‘संकेत’ आणि देहराडूनच्या सनफॉक्सचं ‘स्पंदन’ आहे.

एक लीड, सहा लीड, बारा लीड यात लोक फार गोंधळतात. लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची बाजू. ताल नियमित आहे का एवढंच पाहायचं असेल तर एक बाजू चालते. बारा लीडमध्ये हृदयाच्या वेगवेगळ्या भागांविषयी अधिक कळतं, पण त्यासाठी छातीवर ठरलेल्या जागी यंत्र टेकवावं लागतं. जागा दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी आलेख बदलतो. एकट्या राहणाऱ्या आजींनी बारा लीडचं यंत्र घेऊन ते कपाटात ठेवण्यापेक्षा एक लीडचं रोज वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात शिकून घेणारं कोणी असेल आणि डॉक्टरांनी सुचवलं असेल तर बारा लीड जरूर घ्या.

यातलं कुठलंही यंत्र हार्ट अटॅक नाही असं सांगू शकत नाही. एक लीडचं तर मुळीच नाही.

बीपीच्या मशीनवर हृदयाचं चिन्ह लुकलुकतं. ते एएफ आहे का?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. दंडाला गुंडाळलेला पट्टा (कफ) सैल होत असताना मशीन नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर बघतं आणि त्यात ठरावीक मर्यादेपेक्षा फरक आला की ते चिन्ह दाखवतं. मधेच हात हलला, बोललं, खोकला आला, एखादा ठोका लवकर पडला, तरी ते दिसू शकतं. काही मशीन मात्र खास एएफ शोधण्यासाठी बनवलेली असतात आणि लागोपाठ मोजमापं घेऊन मगच सूचना देतात. मायक्रोलाइफच्या वॉचबीपी होम ए या अशा यंत्राची ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये शिफारस केली होती. ज्यांना तसंही रोज बीपी बघायचं आहे, त्यांना असं मशीन सोयीचं पडतं. पण चिन्ह वारंवार दिसलं तरी शेवटी पट्टी काढावीच लागते.

एएफ असताना प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी-जास्त असतं, म्हणून बीपीचा आकडाही हलतो. मिनिटभराच्या अंतराने तीनदा मोजा आणि सरासरी लिहा. मशीन दंडावर लावायचं घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपने मोजून मगच कफ निवडा.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात आहे. तो चालेल?

तालासाठी नाही. एएफमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात की ते बोटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे ऑक्सिमीटरचा आकडा खऱ्या ठोक्यांपेक्षा कमी येतो. बोटांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर त्यात आणखी भर.

आमच्या नानांची पट्टी नीट येतच नाही. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. यंत्र खराब आहे का?

निफाड, दिंडोरीकडच्या घरांतून हे फार ऐकू येतं. दहापैकी नऊ वेळा यंत्र ठीक असतं, अडचण हातांची असते. बागेत छाटणी करून, फवारणीचं पाणी कालवून बोटांची कातडी जाड आणि कोरडी झालेली असते. त्यात डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि हात गारठतात. कोरड्या, थंड कातडीतून विजेचा इतका बारीक संदेश जात नाही.

उपाय पाण्याचा आहे. हात कोमट पाण्याने धुवा, पुसा आणि बोटांची टोकं किंचित ओलसर ठेवा. तेल किंवा क्रीम लावू नका. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजी काढला, तेव्हा माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवत असत. १९२४ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. आपण ओली बोटं ठेवतो ते त्यांच्या भांड्यांचं छोटं रूप. बोटांनी जमलंच नाही तर काही यंत्रं गुडघ्यावर किंवा घोट्यावरही टेकवता येतात, माहितीपत्रकात पाहा.

दुसरं कारण म्हणजे घरातली वीज. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, अमेरिकेत ६०. काही अ‍ॅपमध्ये हे सेटिंग असतं आणि ते ६० वर राहिलं तर आलेखावर बारीक दात्यांची झालर येते. ५० करा. फोन चार्जिंगवरून काढा, मिक्सर किंवा मोटर चालू असेल तर तिथून लांब बसा.

आणि बसा म्हणजे खरंच बसा. पाच मिनिटं शांत, पाठ टेकलेली, दोन्ही हात टेबलावर किंवा मांडीवर टेकवलेले. ३० सेकंद बोलायचं नाही. हात अधांतरी धरले की दंडाचे स्नायू थरथरतात आणि त्यांचीही वीज आलेखात उतरते. वयस्कर माणसाचा हात मुळातच कापत असेल तर मांडीवर उशी घेऊन त्यावर हात ठेवा. आमच्याकडे या उशीनेच काम झालं.

दिवसातून किती वेळा काढायची?

डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढी. सांगितलं नसेल तर विचारा. वेल्समध्ये ६५ वर्षांपुढच्या सुमारे एक हजार लोकांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांनी आठवड्यातून दोनदा फक्त ३० सेकंदांची पट्टी काढली. त्यांच्यात १९ जणांचं एएफ सापडलं. नेहमीच्याच पद्धतीने ज्यांची काळजी घेतली गेली त्या उरलेल्या निम्म्यांत ५ जणांचं. आठवड्यातून दोनदाही पुष्कळ होऊ शकतं, एवढं यातून घ्या.

शिवाय धडधड, चक्कर, दम असं काही जाणवलं की लगेच एक पट्टी. सर्वांत मोलाची तीच. आईचं एएफ शेवटी जानेवारीतल्या एका पहाटे पावणेपाचला सापडलं. ती अंथरुणातच उठून बसली, बोटं ओली केली आणि ३० सेकंदांत चार खेपांत न मिळालेलं निदान फोनवर आलं.

दर दहा मिनिटांनी काढणारेही मी पाहिले आहेत. भीतीने ठोके वाढतात, वाढले म्हणून पुन्हा पट्टी, आणि झोप उडते. तसं होत असेल तर यंत्र काही दिवस घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवायला द्या आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

‘अनिर्णायक’ असं आलं तर?

हात हलला असेल, किंवा ठोके यंत्राच्या मर्यादेपेक्षा फार कमी वा फार जास्त असतील. पाच मिनिटं थांबून पुन्हा काढा. पुन्हा तसंच आलं आणि ठोके सतत १२० च्या वर किंवा ५० च्या खाली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. यंत्राने ‘नॉर्मल’ म्हटलं पण त्रास होतोय, तर त्रास खरा माना.

डॉक्टर अशी पट्टी मानतात का?

युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३० सेकंदांच्या एक लीड पट्टीवर एएफ दिसलं आणि ती डॉक्टरांनी स्वतः वाचली, तर तेवढ्यावर निदान होऊ शकतं. अ‍ॅपने लिहिलेला शब्द पुरत नाही, आलेख लागतो. म्हणून पीडीएफ निघते का आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते का, हे खरेदीआधी बघा. खरेदीच्याही आधी डॉक्टरांना विचारा, ‘अशी पट्टी आणली तर तुम्ही बघाल ना?’

पाठवताना पन्नास पट्ट्या एकदम टाकू नका. त्रासाच्या वेळच्या दोन-तीन आणि बरं असतानाची एक पुरते. सोबत तारीख, वेळ, तेव्हा काय करत होतात, काय जाणवलं हे वहीत लिहून न्या.

होल्टर सांगितलाय. यंत्र घेतलं तर तो टाळता येईल?

नाही. होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजी यंत्र) चोवीस तास किंवा जास्त वेळ प्रत्येक ठोका नोंदवतो, झोपेतलेसुद्धा. तुमचं यंत्र ते ३० सेकंदच बघतं. पण महिन्यातून एकदाच धडधड होणाऱ्यांना होल्टरच्या दिवशी काहीच होत नाही, तिथे घरचं यंत्र कामाला येतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

पट्टी दोन महिने नॉर्मल आहे. रक्त पातळ करायची गोळी बंद करू का?

हे कृपा करून करू नका. एएफ येतं-जातं आणि ते सध्या दिसत नसलं तरी गुठळीचा धोका संपलेला नसतो. गोळी चालू ठेवायची की नाही हे वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात अशा गोष्टींवर ठरतं, पट्टीवर नाही. उलटही तितकंच खरं. यंत्राने एएफ म्हटलं म्हणून शेजारच्यांची गोळी आणून सुरू करू नका, रक्तस्राव होऊ शकतो.

पेसमेकर बसवलेला आहे.

मग यंत्र घेण्याआधी पेसमेकर तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. यातली काही यंत्रं पेसमेकर असलेल्यांसाठी नाहीत.

आम्ही सुरगाण्याजवळ राहतो. रेंज येते-जाते, वीजही.

दुकानात तीन गोष्टी करून बघा. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पट्टी निघते का, साठते का पाहा. यंत्र सेलवर चालतं की चार्जिंगवर ते विचारा; साधा, तालुक्याला मिळणारा सेल बरा. नोंदी बघायला दर महिन्याला पैसे भरावे लागतात का, तेही विचारून घ्या. घाटातून नाशिकला यायला वेळ लागतो, म्हणून तुमच्याकडे पट्टी आधी पाठवून फोनवर बोलता येणं जास्त मोलाचं.

नाशिकमध्ये कुठून घ्यावं?

गोळे कॉलनीत औषधांची ठोक बाजारपेठ आहे, तिथे आणि शहरातल्या सर्जिकल दुकानांत चौकशी करा. ऑनलाइनही मिळतं. कुठूनही घ्या, पक्कं बिल, वॉरंटी आणि खोक्यावरचा परवाना क्रमांक बघा. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. ‘केवळ तंदुरुस्तीसाठी, वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ते खाली ठेवा.

मी ४० चा आहे, सायकलिंग करतो. मला गरज आहे?

त्रास नसेल तर आत्ता नाही. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे विश्रांतीचे ठोके ५० च्या आसपास असणं सर्रास आढळतं. पण अनेक वर्षं फार लांब पल्ल्याचा कठोर व्यायाम करणाऱ्यांत एएफ जास्त दिसतं, हेही खरं. चढावर अचानक ठोके भलतेच वर गेले, ताकद गेल्यासारखं झालं, तर थांबा आणि तपासणी करा.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर?

नाडी बघायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. मोजताना ठोके एका लयीत आहेत का याकडे लक्ष द्या. बेताल वाटली तर जवळच्या दवाखान्यात किंवा त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. यंत्र घेतलं तरी हे यायला हवं.

कोणत्या वेळी यंत्राला हातच लावायचा नाही?

छातीत दाब किंवा दुखणं, घाम, शुद्ध हरपणं, बसल्या जागी दम लागणं. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात वर न होणं, बोलणं अडखळणं. यातलं काहीही दिसलं तर पट्टी काढत बसू नका, १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला लागतो. म्हणून सीटी स्कॅन असलेलं, रात्री चालू असणारं आपल्याला सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच शोधून ठेवा. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ कागदावर लिहा, आणि चालू गोळ्यांची यादी सोबत घ्या. आमच्याकडे ती यादी फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे.